इंग्लंडमधील बाजारपेठेच्या गावाचा इतिहास कसा शोधावा : लडलोच्या आधारे नवख्यांसाठी मार्गदर्शन

नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या निमित्ताने इंग्लंडमध्ये गेलेली मराठी कुटुंबे आता मोठ्या शहरांबरोबरच लहान, जुन्या बाजारपेठांच्या गावांतही राहतात. अशा गावात थोडे रुळल्यावर प्रश्न पडू लागतात. मुख्य रस्ता एका ठिकाणी एवढा रुंद आणि पुढे एकदम चिंचोळा का? गाव एवढेसे असताना चर्च एवढे मोठे कसे? चौकाला बुल रिंग हे नाव कशावरून पडले? उत्तरे शोधू पाहणारा नवखा माणूस बहुधा इंटरनेटवरच्या दोन-चार पानांपाशीच थांबतो, कारण मूळ कागद कुठे ठेवलेले असतात, ते कोणत्या भाषेत आणि कोणत्या लिपीत असतात आणि ते पाहण्यासाठी काय बरोबर न्यावे लागते हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

श्रॉपशर काउंटीच्या दक्षिण टोकाला, वेल्सच्या सीमेजवळ, टीम नदीच्या काठावर असलेल्या लडलो या गावाचा असा शोध घेताना जी वाट सापडली, ती पुढे क्रमाने मांडली आहे. तुमचे गाव दुसरे असले तरी पायऱ्या जवळजवळ याच राहतील, कारण इंग्लंडमध्ये अशा गावांची कागदपत्रे ज्या संस्थांनी निर्माण केली आणि जपली त्या सर्वत्र साधारण सारख्याच आहेत.

१. निघण्यापूर्वी हाताशी काय हवे

पासपोर्ट किंवा छायाचित्र असलेले दुसरे ओळखपत्र आणि राहत्या पत्त्याचा अलीकडचा पुरावा, म्हणजे बँकेचे विवरणपत्र, काउन्सिल टॅक्सचे बिल किंवा विजेचे बिल, या दोन गोष्टींवाचून बहुतेक अभिलेखागारांत वाचकाचे कार्ड मिळत नाही. त्याशिवाय शिसपेन्सिली, कोरी वही, मोजपट्टी, साधे भिंग आणि चांगला कॅमेरा असलेला फोन जवळ ठेवा. शाईचे पेन वाचनकक्षात चालत नाही. गावातील किंवा काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे सभासदत्व पहिल्याच आठवड्यात घ्या. ते विनामूल्य असते, आणि घरून पाहायला पैसे मोजावे लागतात अशा वंशावळीच्या व जुन्या वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांपैकी काही ग्रंथालयाच्या संगणकावर फुकट पाहता येतात.

२. कागदाआधी गाव पायांखालून घाला

ही पायरी वगळण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण माझ्या मते सर्वांत जास्त फळ हीच देते. गावाचा नकाशा हाती घेऊन बाजाराच्या जागेपासून सुरुवात करा. लडलोत अकराव्या शतकाच्या अखेरीस द लेसी घराण्याने किल्ला बांधला आणि पुढे बाराव्या शतकात त्याच्या दाराशी आखून-रेखून गाव वसवले गेले. किल्ल्याच्या दरवाजापासून बुल रिंगपर्यंतची उंचवट्यावरची लांबरुंद पट्टी ही मूळची बाजारपेठ होती. आज त्या पट्टीवर चालताना मोकळी जागा फक्त किल्ल्यासमोरच्या कॅसल स्क्वेअरमध्ये दिसते. पुढे हार्प लेन आणि मार्केट स्ट्रीटच्या आसपास घरांचे दाट पुंजके लागतात आणि त्यांच्यामधून गल्ल्या जातात. बाजाराच्या दिवशी मांडले जाणारे तात्पुरते ठेले हळूहळू कायमची दुकाने झाले, दुकानांवर मजले चढले आणि मोकळ्या बाजाराचा मधला भाग घरांनी भरून गेला. इंग्लंडमधील कित्येक बाजारगावांत हीच प्रक्रिया घडली आहे. रस्त्यांच्या मध्ये बेटासारखा उभा असलेला, मागे अंगण नसलेला घरांचा पुंजका दिसला की तिथे पूर्वी उघडा बाजार असावा असा अंदाज बांधायला हरकत नाही.

मग ब्रॉड स्ट्रीट आणि मिल स्ट्रीट या नदीकडे उतरत जाणाऱ्या समांतर रस्त्यांवर या. घरे रस्त्याकडे अरुंद आणि मागे लांबच लांब गेलेली दिसतील. मध्ययुगात गावाच्या मालकाने ठरावीक वार्षिक भाड्यावर दिलेले हे भूखंड होत. आखलेल्या गावांत त्यांची रुंदी पुष्कळदा पर्च या मापाच्या पटीत सापडते, आणि एक पर्च म्हणजे १६.५ फूट. म्हणून मोजपट्टी जवळ ठेवायची. शेजारच्या दोन-तीन घरांची रुंदी मोजली की एक भूखंड पुढे कसा विभागला गेला किंवा दोन भूखंड कसे एक झाले याचा अंदाज येतो, आणि हा अंदाज नंतर कागदपत्रांतील नोंदींशी ताडून पाहता येतो.

ब्रॉड स्ट्रीटच्या खालच्या टोकाला ब्रॉड गेट आहे. गावकुसाच्या सात दरवाजांपैकी आज एवढाच उभा आहे. मध्ययुगातील तटाचा दरवाजा आणि त्याच्यावर नंतरच्या काळात बांधलेले राहते घर, असे दोन काळ एकाच इमारतीत पाहायला मिळतात.

या पायरीवरचा सापळा म्हणजे दर्शनी भिंत. ब्रॉड स्ट्रीटवरची विटांची, उंच खिडक्यांची, अठराव्या शतकातील वाटणारी कितीतरी घरे आतून लाकडी चौकटीची आणि बरीच जुनी आहेत, कारण फॅशन बदलली तेव्हा मालकांनी पूर्ण घर न पाडता फक्त पुढची भिंत नवी केली. सुमारे ५०० संरक्षित इमारती असलेल्या या गावात हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या अधिकृत यादीतील वर्णने फार उपयोगी पडतात, मात्र त्यांपैकी बरीचशी बाहेरून पाहणी करून लिहिलेली आहेत. त्यांत दिलेला काळ पुष्कळदा दर्शनी भागापुरता असतो. घराची मागची बाजू, छपराचा उतार आणि तळघर पाहिल्याशिवाय काळ ठरवू नका.

३. गाव कुणाच्या अखत्यारीत होते ते आधी ठरवा

कागद शोधताना नवखे लोक सर्वांत जास्त वेळ इथे घालवतात. प्रत्येक जुना कागद कुठल्यातरी कार्यालयाने स्वतःच्या कामासाठी तयार केला आहे, आणि तो त्याच कार्यालयाच्या वारसाकडे सापडतो. त्यामुळे गावाच्या नावाने शोधत बसण्याऐवजी त्या गावावर कोणाकोणाचा अधिकार चालत होता याची यादी आधी करा.

लडलोचे उदाहरण घ्या. गाव श्रॉपशर काउंटीत आहे, म्हणून नगरपालिकेची जुनी दप्तरे श्रूझबरी येथील श्रॉपशर आर्काइव्ह्जमध्ये आहेत. चर्चच्या व्यवस्थेत मात्र दक्षिण श्रॉपशर हेरिफर्डच्या बिशपच्या अधिकारक्षेत्रात येत होते. १८५८ पूर्वी मृत्युपत्रे मंजूर करण्याचे काम चर्चच्या न्यायालयांकडे होते, त्यामुळे लडलोच्या बहुतेक सामान्य व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची मृत्युपत्रे हेरिफर्डच्या अभिलेखागारात शोधावी लागतात. श्रूझबरीत ती न मिळाल्यामुळे ‘नष्ट झाली’ असा निष्कर्ष काढू नका. एकाहून अधिक अधिकारक्षेत्रांत मालमत्ता असलेल्या सधन लोकांची मृत्युपत्रे बहुधा कॅन्टरबरीच्या वरिष्ठ न्यायालयात जात, आणि ती आता लंडनमध्ये क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

त्यावर आणखी एक थर आहे. एडवर्ड चौथ्याने आपल्या लहान मुलाला १४७३ मध्ये लडलोला पाठवले आणि त्यानंतर वेल्स व सीमाप्रदेशाचा कारभार पाहणारे मंडळ इथल्या किल्ल्यातून चालू लागले. ते १६८९ मध्ये बरखास्त झाले. सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा राजपुत्र आर्थर १५०२ च्या एप्रिलमध्ये याच किल्ल्यात वारला, आणि त्याची विधवा कॅथरिन पुढे आठव्या हेन्रीची राणी झाली. एवढ्या लहान गावात वकिलांची, खाणावळींची आणि चैनीच्या मालाच्या दुकानांची एवढी गर्दी का होती, याचे उत्तर या मंडळात आहे. त्याच्या न्यायालयीन कामासाठी येणारे लोक गावात राहत, जेवत आणि खरेदी करत. असे राजकीय कारण तुमच्या गावालाही असेल, तर त्याचे कागद काउंटीऐवजी राष्ट्रीय अभिलेखागारात शोधायचे असतात.

४. छापील साहित्य वाचून घ्या

व्हिक्टोरिया काउंटी हिस्ट्री हा इंग्लंडमधील प्रत्येक काउंटीचा तपशीलवार इतिहास लिहिण्याचा प्रकल्प १८९९ मध्ये सुरू झाला आणि अजून चालू आहे. त्याचे पुष्कळ खंड ब्रिटिश हिस्ट्री ऑनलाइन या संकेतस्थळावर वाचता येतात. तुमच्या गावाचा खंड निघाला असेल तर त्याच्या तळटीपा मजकुराइतक्याच काळजीने वाचा, कारण कोणता कागद कुठे आहे हे त्या सांगतात. स्थानिक संशोधन मंडळांची प्रकाशने गावच्या ग्रंथालयात मिळतात. लडलो हिस्टॉरिकल रिसर्च ग्रुपने रस्त्यागणिक आणि घरागणिक केलेले काम इतके बारकाईचे आहे की नव्या माणसाने ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नये.

बाजाराच्या स्थापनेविषयी वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. सनदेचे वर्ष म्हणजे बाजाराचा आरंभ असे नेहमी नसते. एडवर्ड चौथ्याने १४६१ मध्ये लडलोला मोठी सनद देऊन गावाला स्वतःचा कारभार करण्याचे अधिकार दिले, पण बाजार त्याच्या कितीतरी आधीपासून भरत होता. याउलट १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत, म्हणजे राजाने करवून घेतलेल्या जमिनींच्या पाहणीत, लडलोचे नाव नाही म्हणून तिथे वस्तीच नव्हती असेही म्हणता येत नाही, कारण ती जमीन तेव्हा शेजारच्या स्टँटन या जमीनदारीत मोडत होती.

५. नकाशे, डिरेक्टऱ्या आणि जनगणना : आजपासून मागे जा

इतिहास जुन्यापासून नव्याकडे सांगितला जातो, पण शोधताना उलट दिशा धरावी. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचे एकोणिसाव्या शतकातील मोठ्या प्रमाणावरचे नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत, आणि त्यांत इंग्लंडही येते. आजचा नकाशा आणि तो जुना नकाशा शेजारी ठेवून काय नाहीसे झाले ते टिपा. लडलोच्या जुन्या छायाचित्रांत कॅसल स्क्वेअरमध्ये विटांची एक भलीमोठी इमारत दिसते. तो १८८७-८८ मध्ये बांधलेला टाउन हॉल होता, आणि १९८६ मध्ये तो पाडला गेला. हे ठाऊक असले की तारीख नसलेल्या छायाचित्राचा काळ निदान एका बाजूने तरी बांधता येतो. १८५२ मध्ये आलेली रेल्वे हीही अशीच एक खूण आहे.

एकोणिसाव्या शतकातील व्यापारी डिरेक्टऱ्यांत दुकानदारांची नावे धंद्यानुसार दिलेली असतात, आणि लोक तेवढीच पाहून पान उलटतात. मी मात्र शेवटी दिलेली गाडीवाल्यांची यादी आधी वाचण्याचा सल्ला देईन. कोणत्या खेड्यातून कोणत्या वारी गाडी येते आणि ती कोणत्या खाणावळीपाशी उभी राहते हे त्यात लिहिलेले असते. ती खेडी नकाशावर खुणा करून जोडली की बाजाराचे खरे क्षेत्र डोळ्यांसमोर येते. तेराव्या शतकातील इंग्रजी कायदेपंडित ब्रॅक्टनच्या नावावर असलेल्या नियमानुसार दोन बाजारांत किमान पावणेसात मैलांच्या आसपास, नेमके ६ पूर्णांक २/३ मैल अंतर हवे. त्यामागचा हिशेब असा, की माणूस दिवसाकाठी वीस मैल चालू शकतो, त्यातला एक तृतीयांश वेळ जाण्यात, एक तृतीयांश व्यवहारात आणि उरलेला परत येण्यात जावा. शेकडो वर्षांनंतरच्या गाडीवाल्यांची अंतरे या मापाशी ताडून पाहणे हा मला या सगळ्या कामातला सर्वांत आनंदाचा भाग वाटतो.

जनगणना १८०१ पासून दर दहा वर्षांनी झाली, पण माणसांची नावे देशभर व्यवस्थित मिळतात ती १८४१ पासून. नोंदी शंभर वर्षे बंद असतात. १९२१ ची २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची इंग्लंड व वेल्सची कागदपत्रे १९४२ च्या आगीत जळाली आणि १९४१ मध्ये जनगणना झालीच नाही, त्यामुळे १९२१ नंतर १९३९ च्या युद्धकालीन नोंदवहीवर भिस्त ठेवावी लागते. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहिण्याची सूचना होती. म्हणून त्या वर्षीचा ‘४०’ हा आकडा ४४ सुद्धा असू शकतो.

६. अभिलेखागारातला पहिला दिवस

जाण्यापूर्वी ऑनलाइन सूचीत शोधून कागदांचे क्रमांक लिहून घ्या, कार्यालय कोणत्या वारी उघडे असते ते पाहा आणि जागा आधी राखून ठेवा. काउंटीची अभिलेखागारे आठवड्यातील सर्व दिवस उघडी नसतात, शिवाय काही कागद दुसऱ्या इमारतीतून मागवावे लागतात. लडलोहून श्रूझबरीला थेट रेल्वे आहे आणि तिथले अभिलेखागार स्थानकाजवळच आहे. पिशव्या बाहेरच्या कपाटात ठेवाव्या लागतात. छायाचित्रे काढायची तर बहुधा दिवसाचे शुल्क असते आणि फ्लॅश चालत नाही. प्रत्येक छायाचित्राच्या चौकटीत कागदाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी येऊ द्या, नाहीतर घरी आल्यावर कोणते पान कशातले हे उमगत नाही.

काय मागवावे? पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील, बाप्तिस्मा-विवाह-दफनाची पुस्तके १५३८ च्या आदेशापासून सुरू होतात, जरी प्रत्येक गावची तितकी जुनी उरलेली नाहीत. चर्चवॉर्डनचे, म्हणजे चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या स्थानिक पदाधिकाऱ्यांचे, हिशेब त्याहून बोलके असतात. लडलोचे १५४० पासूनचे हिशेब १८६९ मध्ये छापले गेले, त्यामुळे ते हस्ताक्षराच्या अडचणीविना वाचता येतात. धर्मसुधारणेच्या काळात चर्चमध्ये काय काढले आणि काय पुन्हा बसवले ते त्यांतील खर्चाच्या ओळींत सापडते.

लडलोचे खरे भाग्य मात्र पामर्स गिल्ड या धार्मिक संघात आहे. तेराव्या शतकात सुरू झालेल्या आणि १३२९ मध्ये राजाची परवानगी मिळालेल्या या संघाकडे देणग्यांतून गावातली पुष्कळ घरे आली. सेंट लॉरेन्सचे भव्य चर्च आणि त्यातील कोरीव आसने ज्या सुबत्तेतून उभी राहिली तिच्यात लोकरीच्या व्यापाराचा आणि या संघाचा मोठा वाटा आहे. असे संघ सोळाव्या शतकाच्या मध्यात बंद केले गेले तेव्हा त्यांच्या मालमत्ता ठिकठिकाणी विकल्या गेल्या आणि कागद विखुरले. लडलोत १५५२ च्या सनदेने ती सगळी मालमत्ता गावच्या कॉर्पोरेशनला मिळाली. नव्या मालकाला भाडे वसूल करायचे होते, म्हणून त्याने जुने दस्तऐवज जपले. मध्ययुगापासून आधुनिक काळापर्यंत एखाद्या घराचे भाडेकरू ओळीने लावता येणे इंग्लंडमध्ये दुर्मिळ आहे, आणि ते इथे काही घरांच्या बाबतीत शक्य होते ते यामुळे. तुमच्या गावातही एखादी दीर्घकाळ टिकलेली भाडे घेणारी संस्था शोधा. शाळेचा न्यास, धर्मादाय रुग्णालय, कॉलेज, कुणीही चालेल. घरांचा इतिहास बहुधा तिच्या दप्तरात असतो.

७. तारखा, लिपी आणि पैसा

ज्यांनी शिवकाळातील पत्रांवरची शुहूर सनाची किंवा राज्याभिषेक शकाची तारीख लावून पाहिली आहे त्यांना इथे फारसे अवघड जाणार नाही. इंग्रजी दस्तऐवजांत वर्ष पुष्कळदा राजाच्या कारकिर्दीचे दिलेले असते. एडवर्ड चौथ्याचे पहिले वर्ष म्हणजे ४ मार्च १४६१ ते ३ मार्च १४६२. शिवाय १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलत असे. म्हणून कागदावर १० फेब्रुवारी १६८८ लिहिले असेल तर आपल्या गणनेने ते १६८९ असते. लेखात दोन्ही वर्षे तिरप्या रेघेने जोडून लिहावीत, म्हणजे वाचकाचा घोटाळा होत नाही. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आली, हेही लक्षात असू द्या.

न्यायालयीन आणि जमिनीचे बरेच कागद १७३३ पर्यंत लॅटिनमध्ये आहेत, सतराव्या शतकाच्या मध्यातला कॉमनवेल्थचा, म्हणजे राजाविना कारभाराचा, काळ वगळता. सोळाव्या-सतराव्या शतकातील वळणदार लेखनासाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचे विनामूल्य ऑनलाइन धडे आहेत. ते रोज थोडे करावेत. हिशेबांत आकडे रोमन असतात. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड ही पद्धत फेब्रुवारी १९७१ पर्यंत चालली. ‘मार्क’ दिसला तर तो नाण्याचा उल्लेख नसून १३ शिलिंग ४ पेन्स एवढी हिशेबी रक्कम आहे असे समजावे.

८. भारताशी असलेला धागा सापडला तर

लडलोत तो सापडतोच. रॉबर्ट क्लाइव्हचा जन्म १७२५ मध्ये श्रॉपशरच्याच मार्केट ड्रेटन या दुसऱ्या बाजारगावाजवळ झाला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांकडून विजयदुर्ग घेतला. इंग्रजी कागदांत या किल्ल्याचे नाव घेरिया असे येते, त्यामुळे विजयदुर्ग या नावाने शोधल्यास हाती काही लागत नाही. पुढच्या वर्षी प्लासी झाली आणि क्लाइव्ह प्रचंड श्रीमंत झाला. त्याचा मुलगा एडवर्ड १७७४ पासून १७९४ पर्यंत लडलोचा खासदार होता, १७९८ ते १८०३ मद्रासचा गव्हर्नर होता आणि १८०४ मध्ये पॉविसचा अर्ल झाला. १८११ मध्ये त्याने लडलोचा पडका किल्ला राजसत्तेकडून विकत घेतला. या घराण्याचे कागद एके ठिकाणी नाहीत. ब्रिटिश लायब्ररी, ॲबरिस्टविथ येथील नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्स आणि श्रॉपशर आर्काइव्ह्ज अशा तीन जागी ते पाहावे लागतात.

इथे घाई करू नये. विजयदुर्गच्या लुटीतून लडलोत अमुक एक इमारत उभी राहिली असे वाक्य लिहायला सोपे आहे, परंतु रकमेचा माग कागदोपत्री लागल्याशिवाय ते लिहिता येत नाही. क्लाइव्हची बहुतांश संपत्ती बंगालमधून आली होती. दुसरीकडे, स्थानिक इंग्रज अभ्यासकांना मोडी वाचता येत नाही आणि पुण्याच्या पेशवे दप्तरातील किंवा भारत इतिहास संशोधक मंडळातील साधने त्यांच्या आवाक्याबाहेर असतात. दोन्ही बाजूंचे कागद वाचू शकणारा मराठी अभ्यासक या विषयात नवी भर घालू शकतो, आणि अशा अभ्यासकांची आज खरोखर गरज आहे.

९. लिहून काढा आणि प्रत जमा करा

पहिल्या लेखासाठी पूर्ण गाव घेऊ नका. एक रस्ता, एक खाणावळ किंवा मासळी बाजाराची आठवण सांगणाऱ्या फिश स्ट्रीटसारखी एक गल्ली पुरे. लडलोत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हातमोज्यांचा धंदा भरभराटीला आला आणि एकोणिसाव्या शतकात बसला. अशा एका धंद्यावरही चांगले काम होऊ शकते. प्रत्येक विधानापुढे कागदाचा क्रमांक लिहा. परंपरेने सांगितले जाणारे आणि कागदात सापडलेले वेगळे ठेवा. आर्थरचे हृदय लडलोत पुरले ही गावातील परंपरा आहे, तर त्याचे शव वूस्टरच्या कॅथेड्रलमध्ये पुरले हा इतिहास आहे. वयस्क रहिवाशांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या असतील तर लेखी संमती आधी घ्या, आणि त्या कुठे ठेवल्या जातील हेही त्यांना सांगा.

लेख पूर्ण झाल्यावर स्थानिक इतिहास मंडळातील कुणाला तरी वाचायला द्या. दुरुस्त्या केल्यावर एक प्रत गावच्या ग्रंथालयात आणि एक काउंटीच्या अभिलेखागारात जमा करा. प्रतीसोबत तुमच्या छायाचित्रांची क्रमांकवार यादीही द्या, कारण पुढच्या अभ्यासकाला लेखाइतकाच त्या यादीचा उपयोग होतो.